बैठकीतल्या भिंतीवरची बाई

हट्टा,
५ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप हरीशमामांस,
प्रियदर्शनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत न्हाई, आणि हे तुम्ही पूर्ण ऐकायलाच पाहिजे, म्हणून लिहून राहिले. माझं ‘मुक्ता’ हे चित्र भिंतीवरून उतरवून मी हौसेनं हिंगोलीला पाठवलं. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलीत, म्हणून तुमचं मत मागितलं. आणि तुम्ही पाठीमागं पेन्सिलीनं काय लिहिलं? पंख, साखळी, पिंजरा, दिवा, एवढं सामान असल्यावर बाईला उभं राहायला जागा कुठं? हात पाठीशी लपवलेस, कारण ते तुला जमत नाहीत.

सासऱ्यांनी दिवाळीपासून ते बैठकीत लावलं होतं. पाहुणे तारीफ करून जायचे. आता मलाच ते बघवत न्हाई. घरचं सगळं उरकून, लेकराला निजवून काढलं होतं. एवढं तोडून लिहायची काय गरज होती? मामींना नमस्कार. तुम्हालाही, पण रागातच.

तुमची,
प्रियदर्शनी


हिंगोली,
१२ फेब्रुवारी

चि. सौ. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ.

तुझा राग पोचला. मलाही आला. छान म्हणणारे तुझ्या बैठकीत येतातच, मग माझ्याकडं कशाला पाठवलंस? रंग तुला जमतात. मागची ती विटकरी भिंत मी पुन्हा पुन्हा पाहिली. हेही लिहायला हवं होतं. पण ही बाई कोण? मी तिला ओळखत नाही आणि तूही ओळखत नाहीस. पिंजरा तू कॅलेंडरावर पाहिलास. घरात काय बघतेस? एखाद्या खऱ्या बाईला समोर बसव. हात दिसू देत, चुकले तर चुकू देत. पंख-पिंजऱ्याऐवजी खूण एकच ठेव, घरातली.

मामी म्हणते, मी फार कडक लिहितो. असेल. रुसलीस तरी ख्यालीखुशाली कळवत जा.

तुझा,
हरीशमामा


हट्टा,
१६ मार्च

तीर्थरूप मामांस शि. सा. न.

रुसलेलीच आहे. तरी काढलं. आमच्या सासूबाईंना, सखुबाईंना, बसवलं. हळदीची काढणी चालू, म्हणून दुपारचाच काय तो वेळ. खुर्चीवर बसा म्हटलं, तर त्या खाली जमिनीवर बसल्या. मागं बैठकीतल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या. तसंच काढलं. खुर्च्या तेवढ्या मोठ्या केल्या, त्यांच्या डोक्यावर येतील अशा.

चित्र लावलं आणि सासरे म्हणाले, काढून टाक. पाहुणे काय म्हणतील? हिला खुर्चीवर बसायला आमी कधी मना केलं का? पिंजऱ्यातली बाई त्यांना इतके महिने चालली, मामा! घरातली दिसली की लगेच इज्जत आडवी आली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काढणार न्हाई म्हटलं. आवाज चढले.

तेवढ्यात सासूबाई शेतातून आल्या. मला वाटलं, आता त्याच काढायला लावतील. त्यांनी चित्राजवळ आपले पिवळेजर्द हात धरले.

“माझे हात एवढे गोरे काहून? हळदीचे कर,” त्या मला म्हणाल्या. मग सासऱ्यांकडं न बघता, “तवर हे हितंच राहील.”

हात रंगवून राहिले, मामा. बिलकूल घाई न्हाई.

रागावून बोलले म्हणून माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
प्रियदर्शनी