उरलेलं मेण

प्रिय शेंडेफळास,

तुझं खोकं पोचलं. आत नव्या मेणपत्र्यांचा गठ्ठा, आणि वर तुझ्या वळणदार अक्षरात 'बाबांच्या माश्यांना सप्रेम भेट'. ते खोकं मी होतं तसं बंद केलं आणि जिन्याखाली ढकललं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्या दिवशी नीट कळलं. फोनवर तू मला गोड बोलून गुंडाळतोस, ती कला तुला लहानपणापासून अवगत आहे, म्हणून लिहायला बसले. पत्राला मधेच तोडून 'ताई, जेवलीस का?' असं विचारता येत नाही.

आधी खुशाली. माझी शाळा सुरू झाली. प्रयोगशाळेत यंदा नवा तराजू आलाय, त्यामुळे मुलं रसायनशास्त्राला जरा कमी घाबरतात. बाबांचा गुडघा बरा आहे, जेवण मात्र कमी झालंय. सकाळी उठतात, नुसत्या पाण्याने दाढी करतात आणि बागेकडे पाठ करून खुर्चीत बसतात. मधमाश्यांच्या पेट्यांसमोर ज्यांचा चहा रोज गार व्हायचा, ते बाबा. असं का, ते सांगायलाच हे पत्र आहे.

आपण गाडीच्या शेडमध्ये पहिली भट्टी मांडली ते दिवस आठवतात? बाबांनी साठवलेलं सगळं मेण आणून आपल्यापुढे ठेवलं होतं. वितळलेल्या मेणात अल्कोहोल आणि कॉस्टिक सोडा, मग मंद उकळी, आणि ढवळायचा तुला कंटाळा आला की काठी माझ्या हातात. मेणातली आम्लं साबण होऊन बाजूला बसायची. दुसरा भाग, तुझा तो मोलाचा भाग, विद्रावकात उतरायचा आणि थंड झाला की पांढऱ्या पापुद्र्यांनी तळाशी यायचा. बाबांनी ते पापुद्रे तळहातावर घेऊन विचारलं होतं, हे माश्यांनी केलं होय? तू म्हणालास, माश्यांनीच केलं, आम्ही फक्त सोडवून घेतलं. बाबा ते वाक्य आल्यागेल्याला ऐकवायचे. पुढे औषधवाले आणि क्रीमवाले तुझ्या दारात उभे राहिले, त्याचं मला आजही कौतुकच आहे.

पण सोडवून घेतल्यावर जे उरतं त्याचं काय, ते बोलू या. त्या साबणात आम्ल टाकलं की पांढरा, कडक गोळा निघतो, दिसायला मेणाचा सख्खा भाऊ. आपण तो मेणबत्तीवाल्यांना देऊन टाकायचो आणि विषय संपायचा. मी शाळेत नोकरीला लागले आणि मागे तुला ही अक्कल सुचली. त्यात पॅराफिन ओतायचं, वासापुरतं खरं मेण घालायचं, पिवळा रंग द्यायचा, पातळ पत्रे काढून त्यांवर सहा कोनांचा ठसा मारायचा, आणि माश्या पाळणाऱ्यांनाच ते विकायचे, माश्यांनी त्यावर पोळं बांधावं म्हणून. मेण त्यांच्याच माश्यांचं. त्यातलं मेणपण तू काढून घेतलंस आणि चोथा त्यांच्याच गळ्यात मारलास, वर 'शुद्ध' असं छापून. क्रीम लावणारी बाई निदान लेबल वाचते रे. माशी वाचत नाही. समोर ठेवलंय ते आपलंच आहे असं समजून ती त्यावर पिलांची घरं बांधते.

बाबांनी सगळ्या पेट्यांत तुझेच पत्रे बसवले. पेट्या बनवणाऱ्या सुतारकाकांना बोलावून दाखवले, माझ्या मुलाच्या कारखान्याचे म्हणून. माश्यांनी पोळं बांधलं, राणीने अंडी घातली, आणि अळ्या मरायला लागल्या. पेटीतली पोळ्याची चौकट उचलावी तर भरल्या घरांमध्ये जागोजागी रिकामी भोकं, दात पडलेल्या तोंडासारखी. बाबांनी पेट्या सावलीत हलवल्या. राणी बदलून पाहिली. वासाने माश्या बिथरत असतील म्हणून दाढीचा साबण सोडला, तो अजून सोडलेलाच आहे. सगळ्यांवर संशय घेऊन झाला, तुझ्या पत्र्यांवर मात्र एकदाही नाही.

मला तो आला, कारण ती काठी मी फिरवलेली आहे. एकाच पेटीत शेजारी शेजारी दोन चौकटी लावल्या, एकीत बाबांच्या जुन्या मेणाचा पत्रा, दुसरीत तुझा. माश्या त्याच, राणी तीच, पेटी उघडणारे हातही बाबांचेच, फक्त कुठल्या चौकटीत कुठला पत्रा ते त्यांना सांगितलं नाही. जुन्या पत्र्यावर पिलं अशी दाटली की बोट ठेवायला जागा नाही, आणि तुझ्या पत्र्यावर तीच भोकं. मग तुझा पत्रा शाळेत नेऊन गरम अल्कोहोलमध्ये विरघळवला आणि त्यातली आम्लं मोजली. खऱ्या मेणात असतात त्याच्या कितीतरी पट निघाली. पिलं ज्या भिंतीला टेकून वाढतात, ती भिंतच त्यांना मारत होती.

हे सगळं मी तुला फोनवर सांगितलं, आकड्यांसकट. तुला काही नवं कळलं असं तुझ्या आवाजावरून वाटलं नाही. आधी तू हवामानाला पुढे केलंस, मग शेजारच्या शेतातल्या फवारणीला. तेही चालेना, तेव्हा म्हणालास, "ताई, बाबांचं वय झालंय गं. पेटी किती वेळ उघडी ठेवतात ते बघ एकदा."

मला काय म्हणायचं ते म्हण. मी उलट उत्तर देते आणि तुझी ताई म्हणून सोडूनही देते. पण त्याच संध्याकाळी तू बाबांना फोन केलास, काळजीने, आणि तेच त्यांना सांगितलंस. स्वतःच्या चोथ्याचं खापर तू बापाच्या हातांवर फोडलंस. ज्या हातांनी मेण गोळा केलं म्हणून तुझी भट्टी पेटली, त्याच हातांवर. लाज कशी वाटली नाही रे तुला?

बाबांनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ तळहात न्याहाळत बसले. मग मला म्हणाले, "पोरगा बरोबर बोलतोय. माझे हात हळू झालेत. पेटी उघडी राहते, पिलांना गारठा बाधतो. मीच मारली ती." दुसऱ्या दिवशी माश्यांना धूर द्यायचं नळकांडं त्यांनी माझ्या हातात दिलं आणि सुतारकाकांना निरोप पाठवला, रविवारी येऊन सगळ्या पेट्या घेऊन जा.

तुझे पत्रे घेतलेल्या बाकीच्यांना मी कळवतेच आहे, तूही कळव आणि माल परत घे. ते काही मी तुझ्या परवानगीसाठी अडवून ठेवणार नाही. बाबांनाही मी केव्हाच सांगू शकले असते. पण मी सांगितलं, तर एक तर ते म्हणतील की भावावर इतका राग बरा नाही. नाहीतर विश्वास ठेवतील, आणि मग हात परत मिळाले तरी मुलगा जाईल त्यांचा. तू स्वतः येऊन, त्यांच्यासमोर बसून, 'बाबा, पिलं तुम्ही नाही मारली, माझ्या मेणाने मारली' एवढं सांगितलंस, तर दोन्ही राहतील. म्हणून हे पत्र. रविवारच्या आत ये, रिकाम्या हाताने ये. त्या दोन चौकटींची पेटी मी तशीच ठेवली आहे, ती त्यांच्याकडूनच उघडून घे. नळकांडं दाराजवळच्या खुंटीला आहे. ते त्यांच्या हातात तू द्यायचं आहेस.

कितीही संतापले तरी तुझीच,
ताई