सातव्या ओळीतली चार झाडं

छावणी, छत्रपती संभाजीनगर
१८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

सविनय नमस्कार. मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असं कळलं, बरं वाटलं. मी आता इथल्याच कॉलेजात शिकवते. अम्मी अजून शहागंजातच राहते, दुकानाच्या वर.

मार्चमध्ये एका नियतकालिकानं माझ्याकडं एक शोधनिबंध तपासायला पाठवला. लेखकाचं नाव झाकलेलं. विषय दौलताबादच्या सीताफळांवरची कीड. तिसऱ्या पानावरचा तक्ता मी लगेच ओळखला.

माझाच होता, सर. कडुबाकाकांच्या बागेत दोन वर्षं मी झाड न् झाड मोजलं होतं. पहिल्या वर्षाचं लिखाण तुम्ही "अजून कच्चं आहे" म्हणून चारदा परत केलंत, आणि मग ते छापूनच आलं. तुमच्या आणि ऋतुराजच्या नावानं. तुमच्या मुलानं ती बाग बघितलीसुद्धा नव्हती. मी विचारायला आले तर म्हणालात, "प्रबंधावर सही कुणाची लागते, एवढं ध्यानात ठेव." ठेवलं.

आता त्याच्या प्राध्यापकपदाच्या मुलाखतीआधी दुसऱ्या वर्षाच्या माझ्या नोंदीही त्यालाच देऊन टाकल्यात.

पण घाईत एक राहिलं. त्या वर्षी सातव्या ओळीतल्या चार झाडांवर कडुबाकाकांनी चुकून निंबोळी अर्क फवारला होता. "पोरी, लई चुकलं बघ. ही झाडं नको धरू आता," म्हणाले. मी वहीत तसं लिहिलं, खाली त्यांची सही घेतली आणि ती झाडं वगळली. तुमच्याकडं फाईल होती ती ही झाडं वगळण्याआधीची. ऋतुराजनं चारही झाडं धरली आणि तिथं कीड कमी का, यावर दोन पानं लिहिली. पावसामुळं म्हणे! मी एकटीच मोठ्यानं हसले.

संपादकांना कळवलं की लेखक माझ्या ओळखीचे निघाले, मी हा निबंध तपासू शकत नाही. सोबत वहीची दोन्ही वर्षांची पानं जोडली. मोजणी मीच केली, असं कडुबाकाकांनीही लिहून दिलं. नवा निबंध परत गेला. जुना गेल्या आठवड्यात मागं घेतला गेला. मुलाखतीच्या यादीतून ऋतुराजचं नाव काढल्याचं काल ऐकलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

चौकशीच्या कागदांत तुम्ही माझं नाव वाचलंच असेल. तिथं मी संशोधनातल्या इमानदारीबद्दल बरंच लिहिलंय. तेही खरंच आहे. पण तेवढ्यासाठी मी आठ वर्षं ती वही कपाटात कुलपात ठेवली नसती.

पहिला निबंध छापून आला त्या आठवड्यात अब्बा मला न सांगता तुमच्या घरी आले होते. शिलाईचं दुकान बंद ठेवून, ईदची शेरवानी घालून. तुम्ही फाटक उघडलं नाहीत. व्हरांड्यातूनच म्हणालात, "मास्टर, कपडे शिवायचे असले तर बोलावतो."

हे मला त्यांच्या मयतीनंतर अम्मीनं सांगितलं. प्रबंध बांधून घरी आणला तेव्हा सगळ्यांनी हातात घेऊन बघितला. अब्बांनी नाही. मला वाटलं होतं, त्यांना त्यातलं काही कळत नाही म्हणून.

माफी मागायला येऊ नका. ज्यांची मागायची, ते आता दार उघडायला नाहीत. आणि मी उघडणार नाही.

मोहियोद्दीन मास्टरांची मुलगी,
डॉ. खुशनुमा