गवंडी यायच्या आत

तीर्थरूप थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर इतकी धरली आहे की वाकणं कागदावरच समजून घ्यावं.) तुमचा गुडघा, मोठ्या भाऊजींचा खोकला आणि आपल्या स्वयंपाकघरातला गळका नळ, तिघांनाही उतार पडला असेल अशी आशा करते. तुमच्या धाकट्या दिरांचं माझ्यावाचून काही अडलं नसेलच. अडलं असल्यास मात्र सविस्तर कळवावं, वाचायला बरं वाटेल.

निघताना आपलं बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते आहे. सव्वीस वर्षं एका ओट्याशी उभ्या राहिलेल्या आपण दोघी साखरेच्या डब्यावरून वेगळ्या होतोय, हे बाहेर कुणाला सांगायची सोय नाही. तुम्ही झाकण असं आवळता की उघडायला पैलवान बोलवावा. मी ते नुसतं वर टेकवते, मग तुम्ही डबा झाकणाला धरून उचलता आणि साखर ओट्यापासून थेट उंबऱ्यापर्यंत जाते. (ती साखर पाच किलो होती, तुम्ही शेजारी सांगितलीत तशी सात नव्हे. मुंग्यांना विचारा.) त्यावर तुम्ही म्हणालात, स्वयंपाकघरात मधोमध भिंत घालू, सोमवारी गवंडी येतोय, त्याच्या आत हो की नाही ते सांग. मी म्हटलं, एकटीने चालत तीर्थाला जाते, शांतपणे विचार करते आणि कळवते. त्यावर तुम्ही हसलात. काही बोलला असतात तर उत्तर देता आलं असतं, पण हसण्याला काय उत्तर देणार? म्हणून मंगळवारी सकाळी पिशवी उचलून निघाले.

एकटीने चाललं की मन स्थिर होतं, झाडं-पाखरं दिसतात, असं लोक सांगतात. माझं असं झालं की पहिले तीन दिवस मी रस्ता पाहिलाच नाही, कारण मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. लग्नापासूनचं सगळं उकरून काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तर मी तुम्हाला असं निरुत्तर केलं की तुम्ही चक्क माफी मागितलीत. (मी दिली नाही.) या भरात एक मोठा पूल ओलांडला असणार, दोन गावं मागे टाकली असणार, पण मला विचाराल तर मी ओट्यापासून हललेच नव्हते.

तिसरा मुक्काम यात्रेकरूंच्या एका लांबलचक खोलीत झाला. शुक्रवारी सकाळी पुढच्या दारात साठ-सत्तर जोड्यांच्या ढिगात एक आजोबा आपला डावा बूट शोधत होते आणि त्यांच्यामागे सगळी रांग तुंबली होती. मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि रोजच्यासारखी उजव्या हाताला वळून चालू लागले. तिथून चमत्कारांना सुरुवात झाली. आदल्या दिवसापर्यंत लोक माझ्या बरोबरीने चालायचे, आता जो तो समोरून येत होता. मला वाटलं, यांचं तीर्थ आटोपलंसुद्धा, आपणच मेल्या मागे राहिलो. शिवाय प्रत्येक जागा ओळखीची वाटायला लागली. पूल पाहिला आणि अंगावर काटा आला, की इथे मी पूर्वी कधीतरी आले आहे. पुलापाशी बसणाऱ्या चांभाराने तर तोंड वर करून विचारलं, "आलात का परत?" मी गहिवरले. गेल्या जन्मी मी कशी होते, असं त्याला हात जोडून विचारलं. तो म्हणाला, अशीच, एकटीच बडबडत चालला होतात.

आता या वाटेवर एक रीत आहे, ती मला ठाऊक नव्हती. तीर्थाहून परतणारं माणूस भेटलं की जाणाऱ्याने त्याला एक प्रश्न विचारायचा आणि तो सांगेल ते मानायचं. मला धडाधड लोक अडवू लागले. मला वाटलं, चेहऱ्यावर तेज आलं असावं. (चार दिवसांचं ऊन आणि साबण नाही, याला तेज म्हणत असतील तर ते होतंच.) एका गोल गरगरीत पाववाल्याने विचारलं, शेवटच्या पायऱ्या अवघड आहेत का. मी डोळे मिटून सांगितलं, बाबा रे, चढताना आधी जड वाटतं, मग माणूस हलका होतो. त्याने ते वहीत लिहून घेतलं. तीर्थ खोलात आहे, तिथे पायऱ्या उतरून जावं लागतं, हे मला पुढे एका चहावालीने सांगितलं.

आणि मग शनिवारी ते दोघे भेटले. सख्खे भाऊ, दोघेही न्हावी, दोघांत एक दुकान आणि एक आरसा. वाटेवर एकमेकांपासून वीस पावलं अंतर ठेवून चालत होते. दुकानात मधोमध फळी ठोकावी का, असं त्यांनी मला विचारलं. माझी जीभ सैल सुटली होती. मी म्हटलं, खुशाल ठोका, पण मग चिडायचं कुणावर? गिऱ्हाइकावर? घरचं माणूस हाताशी असलं की राग ताजा ताजा निघून जातो, फळीआड साठवलात तर आंबेल. धाकटा रडायला लागला, थोरल्याने त्याला जवळ घेतलं, आणि खूश होऊन दोघांनी माझे केस कापून देण्याची तयारी दाखवली, ती मी नाकारली. ते गेल्यावर मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिले. आपल्याच तोंडून निघालेला सल्ला आपल्याला कुणीतरी सुनावल्यासारखा वाटत होता. मला तुमची फार आठवण आली, जाऊबाई. सरळच लिहिते, कारण समोर असतात तर बोलले नसते.

असो. तुम्ही थोरल्या, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. भिंतीला माझी हरकत नाही. एकांत मला मानवला आहे, वाट लांबची आहे, परतायला अजून दोन आठवडे सहज लागतील, तोवर गिलावाही वाळून होईल. थोरांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, तुमच्या दिरांना तूर्त काहीच नको.

आपली आज्ञाधारक,
धाकटी

ता. क. भिंतीला दार मात्र ठेवावं. दोघी समोरासमोर भरलेली पातेली घेऊन आलो तर कुणालाच मागे सरावं लागू नये, इतपत रुंद.

ता. क. २. बसल्या बसल्या अंदाज घेतला. तेवढं दार ठेवलं तर भिंतीला जेमतेम वीतभर जागा उरते. वीतभर भिंतीसाठी गवंड्याला बोलावलं तर लोक हसतील.

ता. क. ३. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या नजरेतून सुटणार नाही, म्हणून सांगते. हे पत्र आपल्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची बायको हातोहात आणून देईल. मी आज सकाळपासून त्यांच्या दुकानात चादरींच्या गठ्ठ्यामागे बसले आहे. तीर्थ राहिलं, मी अर्ध्या वाटेवरून उलटीच चालत आले, आणि हे कळलं तेव्हा आपली पाण्याची टाकी समोर दिसत होती. घरी पाऊल टाकायची लाज वाटते, तेव्हा तुम्हीच न्यायला या. यांना सांगू नका. गवंडी मघाशी इथून जाताना दिसला, त्याला मी आत बोलावून बसवून घेतलं आहे. तुम्ही येईपर्यंत तो कुठेही जाणार नाही, कारण त्याची थापी माझ्या मांडीखाली आहे. पण लवकर या, टोचते आहे.