लाल तार, हिरवी तार

१२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. भावोजींचा गुडघा आता कसा आहे? हिने विचारायला सांगितलंय, आणि मीही विचारतोय असं समज.

पत्राला कारण एक बातमी आहे. माझ्या प्लेअरचं जुनं कार्ट्रिज अखेर निवृत्त झालं. तेच ते, दांड्याच्या टोकाला बसतं आणि ज्यात सुई असते; तू ज्याला 'तुझं ते नखाएवढं डबडं' म्हणायचीस. छत्तीस वर्षं वाजलं. घर बदललं, अँप्लिफायर बदलला, स्पीकर दोनदा बदलले, पण ते डबडं मी हलू दिलं नाही. सुई झिजली की तेवढीच ओढून काढायची आणि नवी सरकवायची, बाकी कशाला हात लावायचा नाही, असा माझा दंडक. पाहुणा आला की त्याला खुर्चीत बसवून मी छाती फुगवून सांगायचो, 'बघा, आवाज कसा खोलीभर तरंगतो! कुठून येतो कळतसुद्धा नाही!' पाहुणे बिचारे चहाच्या आशेने मान डोलवायचे.

आता त्याच्या सुया मिळेनाशा झाल्या. त्याच्या तोडीचं नवं शोधायला मी नऊ महिने दुकानं पालथी घातली. तीन कार्ट्रिजं घरी आणून ऐकली, एकाचाही आवाज तसा तरंगेना, तिन्ही परत केली. ही म्हणाली, 'मुलीसाठी स्थळं बघतानासुद्धा एवढी नाकं मुरडली नव्हतीत.'

शेवटी एका बाईंचा पत्ता लागला. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायच्या, आता फक्त प्लेअर करतात. खोली एवढीशी, टेबल खिडकीला चिकटवलेलं, आणि टेबलावर एक स्क्रूसुद्धा जागा सोडून पडलेला नाही. कपाळावर भिंग. बोलणं मोजकं. ताई, त्यांचा हात बघायला हवा होतास. केसाएवढी तार चिमट्यात धरतात आणि श्वास रोखतात. ती बसली की मगच सोडतात. मी आयुष्यभर नकाशे काढले, हात स्थिर असणं म्हणजे काय ते मला कळतं. तरी मी बघतच राहिलो.

त्यांनी एक नवं कार्ट्रिज सुचवलं. दिसायला अगदी सामान्य, काळं, ना नक्षी ना चकाकी. 'ऐका आणि मग बोला,' म्हणाल्या. प्लेअरसोबत ऐकायला रेकॉर्डही मी बरोबर नेलीच होती.

कोणती, ते लिहायचं टाळत होतो. तुझी. तुमच्या ऑफिसच्या गायकवृंदाची, दोनशे प्रती काढलेली, तू रागाने माझ्याकडे टाकून दिलेली. ही रेकॉर्ड तू पुन्हा ऐकणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.

बाईंनी सुई टेकवली. दोन्ही बाजूंना वृंद उभा राहिला, आणि मधोमध तू. पातळ नाही, पोकळ नाही. भरलेला, खालच्या सुरात उबदार असा आवाज, आई आजारी असताना तू ओट्याशी उभी राहून गायचीस अगदी तसा. दुसऱ्या कडव्याआधी तू श्वास घेतेस, तोसुद्धा ऐकू येतो. एवढं सुंदर गाणारं माणूस आपल्या घरात भांडी घासत होतं आणि आम्ही त्याला मीठ वाढ म्हणत होतो! मला रडू आलं. बाईंनी भिंग पुसायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

मी म्हणालो, 'काय जबरदस्त कार्ट्रिज आहे हो!'

इथवरच लिहून थांबावं, असं दोन दिवस मनात होतं. नव्या कार्ट्रिजने कमाल केली, एवढंच कळवायचं. तुलाही बरं वाटलं असतं, आणि मीही सुटलो असतो.

पण बाई म्हणाल्या, 'चांगलं आहेच. पण तुमच्या जुन्याने काय घोडं मारलं होतं? त्याला उगाच नावं ठेवू नका. त्याची एका बाजूची लाल आणि हिरवी तार उलटी लावली होती. एक स्पीकर पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा. अशाने मधला आवाज जागेवर उभाच राहत नाही, त्यातला जीव जातो. कोणी जोडलं होतं हे?'

मी जोडलं होतं. कोणाला हात लावू न देता, तुझी रेकॉर्ड घरी यायच्या आदल्या आठवड्यात.

बाईंनी तारा सरळ करून जुनं डबडं पुन्हा लावलं. त्या झिजलेल्या सुईवरसुद्धा तू भरून गायलीस. छत्तीस वर्षं मी ज्याचं कौतुक केलं, तो माझाच घोटाळा होता.

ताई, माझ्या प्लेअरवर स्वतःचा पातळ आवाज ऐकून त्या दिवशी तू म्हणालीस, 'स्टुडिओत तर बरा वाटला होता रे.' आणि चोवीस वर्षांचा मी शहाणपणा पाजळला, 'तिथे सगळ्यांचेच आवाज बरे वाटतात. मशीन खोटं बोलत नाही. तुझा आवाज मुळातच पातळ आहे.' तू रेकॉर्ड माझ्याकडे टाकून उठलीस. पुढे कोणी स्तुती केली की तुला वाटायचं, टर उडवताहेत. वृंदाच्या संचालकांनी तुला एकटीला गाण्यासाठी पुन्हा बोलावलं होतं. तू नकार लिहिलास, आणि ते पाकीट पेटीत टाकायला मीच गेलो. सायकलवर शीळ घालत गेलो, हेही आठवतं.

तारा उलट्या लागणं ही चूक झाली. पण मला जे छळतं ते वेगळं आहे. तुझा आवाज मी लहानपणापासून रोज ऐकत होतो. तो कसा आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी मी स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला नाही, त्या डबड्यावर ठेवला.

माफी मागत नाही. ती मागून तुला पुन्हा मोठेपणा घ्यायला लावायचा, हे आता पुरे. फक्त रविवारी सकाळी प्लेअर, दोन्ही स्पीकर आणि ती रेकॉर्ड गाडीत घालून तुझ्याकडे येतो आहे. आत घेतलंस तर पुढच्या खोलीत मांडीन, तुला खुर्चीत बसवीन आणि तोंडातून चकार शब्द काढणार नाही. नाही घेतलंस तर सगळं दाराशी ठेवून परत जाईन. भावोजींना जोडता येईल. कुठली तार कुठे ते मी कागदावर लिहून ठेवलंय, आणि तो कागद बाईंकडून तपासून घेतलाय.

तू चांगलं गात होतीस, ताई. कार्ट्रिज जुनं असो की नवं, तू चांगलंच गात होतीस.

ज्याचं म्हणणं तू छत्तीस वर्षं खरं मानलंस,
तो तुझा धाकटा