सुंता झालेल्या मित्राचा हेवा

नाशिक, शुक्रवार, १९३६

शिश्नाची आवळलेली कातडी आता तेलाने सैल होणार नाही, असे आज डॉक्टरांनी तपासून सांगितले. नुसती चीर देता येते, पण सुंताच बरी म्हणाले.

विणकर मित्र रहीमला सांगितले, तर हसतच सुटला. "अरे पंडित, आमची तर लहानपणीच झाली! वर मिठाई मिळाली." त्या मिठाईचाही हेवा वाटला. याला ते दुखणे आठवतही नाही. मी वर्षभर लघवी करताना दात आवळतोय. लोक बाटला म्हणतील म्हणून दवाखाना टाळला. बायकोजवळ जाणेही टाळले. तिला वाटते, माझे मन दुसरीकडे आहे. रहीमच्या घरात असा अबोला नसेल. पुन्हा हेवाच!

सोमवारी शस्त्रक्रिया. उद्या हिला सांगेन. आधी रडेल, मग म्हणेल, "एवढंच होतं होय?"