सपाट जागेचा प्रयोग

सोमवार, ३ मार्च. सकाळी ८
गाडीखाली लाल थेंब. पाच-सहा. इंजिन ऑइल काळं असतं, म्हणजे हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. घाबरण्यासारखं काही नाही. गाडी सोळा वर्षांची आहे, या वयात काही ना काही चालायचंच. बायको म्हणाली, मेकॅनिकला दाखवा. मी म्हणालो, आधी कारण कळलं पाहिजे. मेकॅनिक काय, लगेच सगळं खोलून बसतो. संकल्प : स्वतः अभ्यास करायचा. तूर्त खाली पुठ्ठा टाकला.

मंगळवार, ४ मार्च
अभ्यास पूर्ण. अकरा मिनिटांचा व्हिडिओ. निष्कर्ष : माझी पार्किंगची जागा उताराची आहे. तेल एका बाजूला सरकतं, सीलवर दाब येतो, थेंब पडतात. दोष गाडीचा नाही, बिल्डरचा आहे. व्हिडिओत असं म्हटलेलं नाही, पण डोकं वापरलं की कळतं. बायकोने ऐकून घेतलं. ती नुसतं ऐकून घेते तेव्हा मला आवडत नाही.

गुरुवार, ६ मार्च. दुपारी १
प्रयोग केला. शेजारच्या काकांची जागा सपाट आहे. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दर सोमवारी आणि गुरुवारी दहा ते बारा काका त्यांना व्यायामाला घेऊन जातात. माझं ऑफिस दुपारचं. त्या रिकाम्या जागेत गाडी लावली, पावणेबाराला काढली. खाली बटणाएवढा लाल डाग. निकाल निराशाजनक, पण एका निरीक्षणावरून काही ठरत नाही. डाग पुसायला फडकं आणायला वर आलो, फोन आला, तेवढ्यात काका येऊन गाडी लावून गेले. राहू दे. गाडीखाली कोण बघतंय.

शुक्रवार, ७ मार्च
काका बघतात. सकाळी टॉर्च घेऊन जमिनीवर बसले होते. त्यांचीही ऑटोमॅटिक, डाव्या पायाने क्लच दाबवत नाही त्यांना. खरं तर त्यांचं बघूनच मी घेतली. म्हणाले, एकोणीस वर्षांत थेंब गळला नव्हता हो. मी सांगणारच होतो. पण ते पुढे म्हणाले की तुमचं बरं, आधीपासून पुठ्ठा टाकून ठेवता, काळजी घ्यावी ती तुमच्यासारखी. एवढं कौतुक झाल्यावर लगेच खोडून काढणं बरं दिसलं नसतं. उद्या नक्की सांगायचं.

सोमवार, १० मार्च
सांगायचं राहिलं. आधी खात्री करून घ्यावी म्हणून दुसरं निरीक्षण केलं. डाग बशीएवढा. या वेळी फडकं बरोबर होतं. पुसला. पसरला.

मंगळवार, ११ मार्च
काका गाडी मेकॅनिककडे घेऊन गेले होते. त्याने गाडी वर चढवून पाहिली, सगळं कोरडं. म्हणाला, जुनी गाडी आहे, सांगता येत नाही. काका म्हणाले, काहीच सापडत नाही म्हटल्यावर जास्त भीती वाटते. मला जेवण गेलं नाही.

गुरुवार, १३ मार्च
काका टॅक्सीने गेले. काकूंना घेऊन रस्त्यात बंद पडली तर काय करू, म्हणाले. काकूंचा गुडघा वाकत नाही. काकांनी त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून टॅक्सीत ठेवला. मी गॅलरीतून पाहिलं आणि आत आलो. फार वाईट वाटलं. आपण तितके वाईट नाही असं लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे सरकेना.
गाडी विकून टाकतो म्हणाले. उभी असली की गळत नाही, काकूंना घेऊन गेलं की गळते, असं त्यांच्या लक्षात आलंय. त्यांचं निरीक्षण माझ्यापेक्षा चांगलं आहे.

शनिवार, १५ मार्च
कबुलीचे चार मुद्दे लिहून काढले. चौथा मुद्दा उताराचा. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आत्ता जा. मी म्हणालो, काका दुपारचे झोपले असतील. ती म्हणाली, पाचला उठतात. पाचला गेलो. बेल वाजवली. बराच वेळ काठीचा आवाज येत राहिला, मग काकूंनी दार उघडलं. काका बाजारात गेले होते. एवढ्या लांबून उठून आल्या होत्या त्या. मी वर्तमानपत्र मागितलं.
कालचं आहे. वाचलं.

मंगळवार, १८ मार्च
काकांची गाडी गेली. घेणाऱ्याला त्यांनी डागाचं स्वतःहून सांगितलं. लपवून विकणं जमलं नसतं, म्हणाले. मग जागा झाडली, डाग घासून काढला आणि मला म्हणाले, आता इथे तुम्ही लावा, तुमची जागा उताराची आहे. मी तीनदा नको म्हणालो. चौथ्यांदा कारण सांगावं लागलं असतं.

बुधवार, १९ मार्च. सकाळी ७
रात्री गाडी काकांच्या जागेत लावली. पुठ्ठा जुन्या जागेवरच राहिला.
मी खाली गेलो तेव्हा काका आधीच आले होते, सवयीने. माझ्या गाडीशी वाकून बघत होते. बराच वेळ. मग वर जाऊन लाकडाच्या भुश्शाचा डबा घेऊन आले आणि डागावर मूठभर टाकला. म्हणाले, गाडी गेली, पण गळती काही गेली नाही. आवाज नेहमीसारखाच होता. डबा माझ्या हातात दिला आणि जिना चढून गेले.

गुरुवार, २० मार्च
भल्या सकाळी मेकॅनिककडे. गिअरबॉक्सच्या खालच्या झाकणाचं पॅकिंग गेलं होतं. तासाभराचं काम. साडेनवाला परत आलो आणि वर जाऊन म्हणालो, काकूंना आजपासून मी नेतो. काका म्हणाले, टॅक्सी सांगितली आहे. वर आभारही मानले. खाली त्यांनी काकूंचा पाय उचलून आत ठेवला. मी टॅक्सीचं दार धरून उभा होतो.
नंतर गाडी माझ्या जुन्या जागेवर, उतारावर लावली. संध्याकाळी वाकून पाहिलं. कोरडं ठणठणीत. म्हणजे दोष उताराचाही नव्हता. हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलेलंही नाही.