खैरुद्दीन शेठचं कॉन्फिडेन्शियल कपाट

५ ऑक्टोबर १९६८, देरा, दुबई
आज शेठनी कॉन्फिडेन्शियल कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. आत ईदच्या कापडाचे सगळे कागद. जपानची मिल कुठली, रेट काय, डिझाइन्स कुठली. शेठ म्हणाले, गनी, बाजाराला वास लागला तर खलास. म्हटलं, बिनघोर राहा. किल्ली गळ्यात ताविजाशेजारी बांधली. संकल्प: तोंड बंद.

६ ऑक्टोबर
ऑफिसात कोड सुरू केला. ओसाकाची मिल म्हणजे 'मामू'. शेठ खूश. पण कोड मजबूत आहे का, हे बाहेरच्या माणसाकडून चेक करायला हवं. जेवताना तय्यबला विचारलं. माझा रूम पार्टनर, दापोलीला आमच्याच मोहल्ल्यातला, कापडाची दलाली करतो. सख्खा भाऊच. सगळं समजावल्याशिवाय त्याला कळेना, म्हणून समजावलं. म्हणाला, काय डोकं आहे तुझं! सुरमईचा मधला तुकडा मला वाढला.

१३ ऑक्टोबर
टायपिस्ट जमाल फार गप्प असतो. डेंजरस. त्याचे कार्बन पेपर आजपासून मी जाळणार.
दुपारी: शेठच्या खुर्चीची गादी थोडी जळली. सिक्युरिटी म्हटली की एवढं व्हायचंच.

२७ ऑक्टोबर
तय्यबने विचारलं, मामूचा माल कधी निघतोय? किती काळजी माझी! तारीख सांगितली. जॉर्जेटचे नमुने दाखवले, फक्त दाखवले. परत द्यायला विसरला. मागणं बरं दिसत नाही.

१८ नोव्हेंबर
घात झाला! आमचीच डिझाइन्स बाजारात, आणि आमचा माल अजून बोटीवर. मी ताबडतोब जमालचं नाव घेतलं. जमाल एवढंच म्हणाला, गनीभाई, अल्लाला काय तोंड दाखवाल? टाइपरायटरवर कव्हर घातलं आणि निघून गेला. दगाबाजांना नाटकं बरी जमतात.
तय्यब जेवायला आला नाही. माझ्यापेक्षा त्यालाच धक्का बसला असणार.

२० नोव्हेंबर
शेठ मला बाजारात घेऊन गेले. नवीन दुकान. गल्ल्यावर तय्यब, मागे आमचं जॉर्जेट. उठून सलाम केला त्याने. शेठनी विचारलं, माल कुठून आणला? म्हणाला, मामूकडून.
शेठनी माझ्याकडे बघितलं. हात पुढे केला. भर दुकानात मला गळ्यातली किल्ली काढून द्यावी लागली. दोरा कानाला अडकला. तय्यबने सोडवायला मदत केली.

२१ नोव्हेंबर
शेठ स्वतः जाऊन जमालला परत घेऊन आले. मला म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस.
तय्यबचं सामान खोलीतून गेलंय. ताप आला तेव्हा याच माणसाने रात्रभर माझे पाय चेपले होते. तेव्हाही मनात हेच होतं का त्याच्या? संकल्प: मरेपर्यंत त्याचं तोंड बघणार नाही.

१ डिसेंबर
तय्यबकडे गेलो. नोकरी मागायला. दुसरीकडे कोणी उभं करेना.
इफ्तारची वेळ. स्वतःपुढचे खजूर त्याने माझ्यापुढे सरकवले. म्हणाला, तू माझा भाऊ आहेस, उद्यापासून गोदामात ये. मी म्हटलं, मला ऑफिसचं काम येतं.
त्याने पाण्याचा ग्लासही माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, ऑफिसात नको, गनी. माझे कागद असतात तिथे.
मी हो म्हणालो.